नुसतं बसवलंय

नवरात्राचा बंदोबस्त आटोपून दुपारी अडीचला महाद्वार रोडवरून ठाण्यात आले, तर समोरच्या बाकड्यावर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा बसलेला. दप्तर पोटाशी गच्च धरलेलं. बाकडं असं ठेवलेलं की मान वर केली तर लॉकअपच्या गजांशिवाय काही दिसू नये.

मी सहायक फौजदार. आमच्या ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून काम माझ्याकडे आहे. असा एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात असावा असं कायदाच सांगतो. तरी मला कुणी फोन केला नव्हता.

"आठवीतला हाय," हवालदार म्हणाले. "बाईंचा मोबाइल उचलला. शाळेतनं फोन आला, गाडीवरनं घेऊन आलो."

"कधी?"

"बारा वाजले असतील."

"घरी कळवलं?"

"अटक कुठं केलीय मॅडम? नुसतं बसवलंय."

'नुसतं बसवलंय' हे मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. कुठं नोंद नाही, म्हणजे आपण काही केलंच नाही, असा हिशोब. पण तेरा वर्षांच्या पोराला त्या बाकड्यावरून उठून घरी जाता येत नसेल, तर तो आपल्या ताब्यातच आहे. बाल न्याय कायदा २०१५ सालचा. मुलाला ताब्यात घेतलं की लगेच आईवडलांना कळवायचं, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं, आणि लॉकअपमध्ये काही झालं तरी ठेवायचं नाही. शिवाय किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा नसेल आणि मोठं माणूस सामील नसेल, तर मुलावर एफआयआरसुद्धा होत नाही. स्टेशन डायरीत नोंद घ्यायची आणि घरची परिस्थिती लिहून मंडळाला अहवाल पाठवायचा. एका मोबाइलपायी दोन पोलिसांच्या मधे बसवून भर बाजारातून आणण्याजोगं यात काहीच नव्हतं.

लॉकरमधला पंजाबी ड्रेस काढून आधी कपडे बदलले. मुलाशी वर्दीत बोलायचं नाही, हाही नियमच. त्याला आतल्या खोलीत नेलं आणि डबा उघडायला सांगितला. चपाती-भेंडी, जशी सकाळी भरली होती तशीच. दोन घास खाऊन त्यानं विचारलं, "माझं नाव पेपरात येणार का?" त्याचा डावा कान लालभडक झाला होता. सरांनी धरला होता, म्हणाला. तेही मी अहवालात लिहिलं.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. त्यांनी वहीचा फाडलेला कागद पुढे केला. "मी चोरि केली आहे. मी शाळेचि माफि मागतो." खाली तीन ठिकाणी सही. तिसऱ्या सहीत पेन इतकं दाबलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. मुलाच्या जबाबावर आम्ही पोलीससुद्धा सही घेऊ शकत नाही, इथं तर शाळेनं घेतली होती. "उद्या दाखला हातात देतो," ते म्हणाले. मी सांगितलं, आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला शाळेतून काढता येत नाही. पालकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला होता, तो माझ्यासमोर काढायला लावला.

त्याचे वडील आले ते थेट मार्केट यार्डातून. गुळाच्या अडतीवर हमाली करतात, अंगाला गुळाचा वास येत होता. पोराकडं बघितलंही नाही. माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, "मॅडम, रातभर आत ठिवा ह्याला. सुदारंल."

मला राग आला नाही. त्यांच्या पोटातली भीती मला दिसत होती. त्यांना लॉकअपपाशी नेलं. आत चाकूच्या मारामारीतले दोघे होते, एकजण दारूच्या नशेत भिंतीला डोकं टेकून शिव्या देत होता. "दादा, ह्यांच्याजवळ झोपवू का?" ते बराच वेळ उभे राहिले. मग माघारी आले आणि पोराच्या हातातलं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं.

हवालदारांनी नोंदीत 'आरोपी' लिहायला घेतलं होतं. तिथं अशा मुलांसाठी कायद्यात असलेला शब्द, 'विधिसंघर्षग्रस्त बालक', लिहायला लावला. चार वाजून दहा मिनिटांनी वडिलांच्या ताब्यात दिलं.

मोबाइल त्यानंच घेतला होता. रात्री वडिलांना सांगितलं, सकाळी दोघांनी जाऊन बाईंना परत दिला. ठाण्यात हे कळल्यावर हवालदार म्हणाले, "बघा मॅडम, त्यानंच केलं हुतं."

"मग? चोरी केली असेल तर बसवून ठेवा, असं कुठल्या कलमात लिहिलंय?"

ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका शाळेतून फोन आला, तेव्हा गाडीची किल्ली घ्यायच्या आधी त्यांनी मला फोन केला. मी बंदोबस्तावरच होते. म्हटलं, "आईवडलांना शाळेत बोलवायला सांगा. मी साध्या कपड्यांत येते."