आमची वाटचाल : टोचनच्या जीपपासून फ्लॅटबेडपर्यंत

१९९६ साली खोपोलीत आम्ही धंदा सुरू केला तेव्हा घाटात कुणी 'रोडसाइड असिस्टन्स' म्हणत नव्हतं. आम्ही टोचनवाले, म्हणजे बंद पडलेली गाडी बांधून ओढून नेणारे. जुनी महिंद्रा जीप, मागे लोखंडी घोडा, म्हणजे गाडी उचलायचा सांगाडा, आणि त्याला दोन टनी चेन पुली. घोडा माझे भागीदार उस्ताद यांनी स्वतः वेल्ड केला होता. भागीदारी तोंडी, निम्मी-निम्मी. बोरघाट चढताना पद्मिनी गाडी गरम होऊन बंद पडायची, तेव्हा उस्ताद इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळून शांत बसायचे. दहा मिनिटांत गाडी चालू. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. ती पुली अजून शेडमध्ये टांगलेली आहे, आणि साखळी तेल दिल्यावर हाताला तशीच हलकी लागते.

२००२ ला एक्सप्रेसवे पूर्ण झाला, जुन्या रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या. तेही निभावलं. पुढची बरीच वर्षं बरी गेली. कंबरडं मोडलं ते २०१८ ला.

विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्सची सेवा विकणाऱ्या एका कंपनीचं काम घेतलं. ग्राहकाचा फोन त्यांच्या कॉल सेंटरला, घाटात जाणार आम्ही, बिल महिनाअखेर. त्या भरवशावर हप्त्याने फ्लॅटबेड, म्हणजे बंद गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, घेतला. किलोमीटर एकेरीच धरायचे, म्हणजे परतीचं डिझेल आमच्या खिशातून. वर 'फोटो नीट नाही' म्हणून केस रद्द. रात्री दोन वाजता, धुक्यात, वळणावर एका हाताने मागच्या ट्रकला बॅटरी दाखवायची आणि दुसऱ्याने विंचचा हूक अडकवायचा, तिथे फोटो कुणी काढायचा? सात महिन्यांचं बिल थकलं. मेल केले, चकरा मारल्या. ज्याने गाडी वर ओढली त्यालाच पैशासाठी हात जोडावे लागले, हे मी विसरलेलो नाही. शेवटी वसुलीवाले शेडच्या दारात उभे राहिले.

तेव्हा आमचे फूलवाले काका आले. मावळातून दादरला गुलाब नेणारे. १९९९ च्या पावसाळ्यात त्यांच्या टेम्पोची क्लचप्लेट जळाली होती, तेव्हा जीपला बांधून आम्ही टेम्पो खाली आणला आणि माल दुसऱ्या गाडीत भरून बाजाराच्या वेळेत पोचवला. काकांनी तीन हप्त्यांचे पैसे टेबलावर ठेवले, कागद मागितला नाही. "तुमची गाडी गेली तर माझी कोण काढणार?" एवढंच म्हणाले. पुढच्या दिवाळीपर्यंत सगळे फेडले.

एक सांगतो, ऐका. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका. गाडी गरम झाली तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, तोंड भाजेल. बॅटरी उतरलेली गाडी चालू करायला दुसऱ्या गाडीवरून जंपर वायरी लावताना शेवटची काळी वायर बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला लावा, बॅटरीला नको. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू देऊ नका, गिअरबॉक्स जाईल, फ्लॅटबेडच मागवा. आणि मदत येईपर्यंत गाडीत बसू नका, रेलिंगपलीकडे उभे राहा.

कंपनीचं काम मी पुन्हा घेतलं नाही. उस्ताद २०२१ ला गेले. त्यांचा निम्मा हिस्सा दर महिन्याच्या पाच तारखेला चाचींच्या हातात जातो. काकांचा टेम्पो आता त्यांचा मुलगा चालवतो. गेल्या आठवड्यात त्याचा अल्टरनेटर गेला, त्याने थेट मलाच फोन लावला.