बेसबॉलच्या नोकरीचा हंगाम

अमेरिकेत बेसबॉलच्या धंद्यात शिरायचं तर थेट न्यूयॉर्क-बॉस्टनच्या बड्या संघांकडे अर्ज टाकून सहसा काही होत नाही. सर्वोच्च पातळीच्या मेजर लीगचे संघ 30 आणि त्यांच्याशी जोडलेले, त्यांच्यासाठी खेळाडू घडवणारे मायनर लीगचे 120. सुरुवात बहुतेकांची या दुसऱ्या गटात, टोलीडो-डरहॅमसारख्या गावांत होते. पगार बेताचाच, कारण फुकट राबायला तयार असलेल्यांची रांग कायम लागलेली असते.

मायनर लीगमध्ये पदनाम काहीही असो, काम पडेल ते. शाळांना, चर्चला, कंपन्यांना घाऊक तिकिटं विकायची, दोन डावांच्या मधे पोरांच्या शर्यती लावायच्या, कधी शुभंकराचा गरम पोशाख चढवायचा. पावसाची सर आली की हिशेबनीसापासून इंटर्नपर्यंत सगळे मैदानात धावतात आणि 170 फूट लांब-रुंद ताडपत्री ओढत नेतात. वारा शिरला तर ती माणसांसकट उचलते. घरच्या मैदानावर सामने असले की मंगळवार ते रविवार रोज एक, सुट्टी सोमवारी. घरच्यांचा फोन मी सोमवारीच घ्यायचो.

दरवर्षी डिसेंबरात ‘विंटर मीटिंग्ज’ भरतात, म्हणजे सगळ्या संघांच्या लोकांचा मेळावा; नोकरी शोधणारेही तिथे येतात. 2024 ला त्या डॅलसला होत्या. रविवारी रात्री स्टार फलंदाज हुआन सोतोचा न्यूयॉर्क मेट्स संघाशी 15 वर्षांचा, 76.5 कोटी डॉलरचा करार झाल्याची बातमी फुटली आणि हॉटेलच्या लॉबीत एकच गलका. त्याच लॉबीत इस्त्रीचे सूट घातलेली, तासाच्या मजुरीवरही राजी असलेली पोरं हातात रेझ्युमे घेऊन उभी. मीही त्यातलाच.

आपल्याकडच्या इंजिनीअरांना खरी वाट आकडेवारीची. 2015 पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही मोजणी यंत्रणा आहे, प्रत्येक चेंडूचा वेग आणि फिरकी मोजली जाते, आणि बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर यातली बरीचशी माहिती फुकट मिळते. पायथन आणि एसक्यूएल येत असेल तर घरबसल्या दाखवण्याजोगं काहीतरी उभं करा. नुसत्या क्रिकेटप्रेमाच्या गोष्टी इथे कुणी ऐकत नाही. पाकिस्तानी वंशाचे फरहान झैदी 2005 मध्ये, बर्कलीत अर्थशास्त्राची पीएचडी करत असतानाच, ओकलंडच्या संघात आकडेवारीच्या कामाला लागले. 2018 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बेसबॉल विभागाचे प्रमुख झाले.

पण व्हिसाचं गणित हंगामाशी जुळत नाही. हंगामी काम सप्टेंबरात संपतं आणि ओपीटीवर (पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच, पदवीशी संबंधित काम करायची परवानगी) एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर मिळणारी पुढची ‘स्टेम’ची दोन वर्षं हवी असतील तर मालक ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदलेला लागतो. म्हणून हल्ली जाहिरातीत मी संघाच्या नावाआधी बघतो ते काम कुठल्या महिन्यापर्यंत आहे हे.

आता एका संघाने वर्षभराचं काम देऊ केलंय, पण तिकीट विक्रीचं. डेटा सायन्सच्या पदवीशी त्याचा संबंध कागदावर कसा दाखवायचा, हे विचारायला मंगळवारी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जायचंय.