जाम दरवाजा खालून बघावा

पाऊस सुरू झाला की इंदूरकरांना जाम गेट आठवतं, घाटाच्या माथ्यावरचा जुना दगडी दरवाजा. दर रविवारी महूच्या पुढे गाड्यांची रांग, भुट्टे, सेल्फी आणि बॉनेटवर चढून बसलेला एखादा भिया, म्हणजे आमचा इंदुरी भाऊ. मीही त्यातलाच. वीसेक वेळा तरी गेलो असेन, पण दरवाज्यापर्यंतच. तिथून खालचं निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल मुलूख बघायचा, चहा मारायचा, गाडी वळवायची. या खेपेला आत्या बरोबर होती म्हणून घाट उतरलो.

आत्या ७९ वर्षांची. लग्नानंतरची अकरा वर्षं तिने घाटाखाली, नर्मदेकाठच्या मंडलेश्वरला काढली. मंगळवारी सकाळी साडेसहाला इंदूरच्या रामबागेतून निघालो. महूत पोहे खाऊ म्हटलं तर तिने पिशवीतून डबा काढला, वर जीरावणाची, पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची पुडी. "महूचे पोहे कोण खाणार रे?" आमच्या घरात २३ किलोमीटरवर परदेश लागतो.

बडगोंद्यानंतर दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि काळी माती. माळव्याचा हा सपाटपणा फसवा आहे. बडी जामच्या कौलारू घरांपर्यंत गेलं तरी पठार संपत आलंय असं वाटत नाही. मग एकदम दगडी दरवाजा, आणि त्याच्या कमानीतून पाहिलं तर पुढे जमीनच नाही.

त्या दिवशी तर दरवाजाही नव्हता, नुसतं धुकं. त्यात वायपरने मान टाकली. आदल्याच आठवड्यात पैसे मोजून बदलून घेतलेला! मी मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडत होतो, तोवर आत्या खाली उतरून भजीवाल्याकडून एक बटाटा मागून आली. "अर्धा काप आणि काचेवर घास. आमचे बसवाले हेच करायचे." घासला. पाण्याचे थेंब काचेवर बसेनात, सरळ ओघळून जायला लागले. इंजिनीअरिंगची डिग्री घरी फ्रेममध्ये आहे, ती आठवली.

अहिल्याबाईंनी हा दरवाजा १७९१ साली बांधला. दरबार खाली निमाडात महेश्वरला, वर माळव्यात इंदूर आणि होळकरांचा एवढा मुलूख, मध्ये विंध्याचा कडा. त्या चढणीच्या माथ्यावर हे दार. पुढे १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली आणि महूत इंग्रजांची छावणी बसली. दरबार वर गेला, दरवाजा तिथेच राहिला.

घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. इंदूर साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास, म्हणजे चारशे मीटर आपण खाली येतो. ते आधी कानांना कळतं, मग अंगाला. तीन-चार वळणांनंतर धुकं डोक्यावर राहिलं, आत्याने शाल काढली, काच खाली केली. सोयाबीन मागे पडून कापूस, मिरची दिसायला लागली. "आलं निमाड," ती म्हणाली आणि पायांतल्या चपला काढून मांडी घालून बसली.

चोळीला थांबलो. डोंगराच्या पायथ्याचं साधं गाव, पण गौरी सोमनाथाच्या देवळात शिरलात की मान वर करावी लागते, एवढी मोठी पिंड. आम्ही दोघंच होतो. आत्याने प्रदक्षिणा घातली, म्हणजे भिंतीला धरून अर्धी, आणि पिंडीला म्हणाली, "बाकीची मागच्या वेळची धर."

मंडलेश्वरात तिचं जुनं घर सापडलं नाही. तिथे मोबाईलचं दुकान आहे. ती फार काही बोलली नाही, घाटावर नर्मदेचं पाणी डोळ्यांना लावलं आणि चल म्हणाली. महेश्वरबद्दल लिहीत नाही, सगळेच लिहितात.

परत फिरलो तेव्हा साडेचार झाले होते. आभाळ उघडलेलं. चढताना एका वळणावर आत्याने माझा हात धरला. "हळू घे. आता दिसेल." वर, कड्याच्या टोकाला, दरवाजा. पुढच्या वळणावर गेला, मग पुन्हा आला, थोडा मोठा होऊन. "इथे बसचं पाणी उकळायचं. ड्रायव्हर बादली घेऊन उतरायचा, मी खिडकीतून दरवाज्याकडे बघत बसायची. तो दिसला की माहेर आलं म्हणायचं. उतरताना कधी मागे वळून बघितला नाही."

मी वीस वेळा त्या वरच्या मजल्यावरच्या कमानीतून खाली बघत उभा राहिलोय. खालून कुणी वर बघत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

वर पोचून दाल-पानिये घेतले. मक्याच्या पिठाचे जाड गोळे, आकड्याच्या दोन पानांत दाबून गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले. जळकं पान सोललं की पानियावर त्याच्या शिरा जशाच्या तशा उमटलेल्या. आत्याने पान उलटसुलट करून पाहिलं. "अरे, ही तर रुई! शनिवारी मारुतीला घालतो ती." क्षणभर थांबली, मग तुपात बुडवून दोन खाल्ले. "मारुतीला चालते, तर आपल्याला का नाही?"

महूपर्यंत ती झोपली होती.

बटाट्याचा उरलेला अर्धा तुकडा अजून गाडीच्या दारातल्या कप्प्यात आहे. वायपर मी मुद्दामच बदललेला नाही.