कोटेशन पोचलं का?

बाबांनी शिरोली एमआयडीसीत दोन लेथवर मशिन शॉप सुरू केलं तेव्हा कोटेशन पोस्टानं जायचं. लेटरहेडवर शिक्का आणि खाली बाबांची सही. पुढे फॅक्स आला, मग ईमेल. कंपनीच्या नावाचं डोमेन घेतलं तो दिवस आमच्या घरी नव्या मशिनच्या पूजेइतकाच मोठा होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल आणि याहूनं मेलचे नियम कडक केले. मोठ्या संख्येनं (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५००० च्या वर) मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ (डोमेनतर्फे कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते घेणाऱ्याला सांगणारी नोंद) तिन्ही सक्तीचे झाले. आमची मेल दिवसाला जेमतेम साठ, म्हणून मी लक्षच दिलं नाही. ही चूक माझीच. पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाकडून फोन आला, "साहेब, पंप बॉडीचं कोटेशन अजून नाही आलं." आम्ही ते चार दिवस आधीच पाठवलं होतं. त्यांच्या स्पॅममध्ये सापडलं, तोवर काम दुसऱ्याला गेलं होतं. ती रात्र मला झोप नव्हती.

कॉम्प्युटरचं बघणाऱ्या माझ्या पुतणीनं स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवून 'शो ओरिजिनल' (मेलच्या तपासणीचा निकाल दाखवणारं पान) उघडलं. "काका, आपली सहीच पटत नाहीये."

कास्टिंगवर हीट नंबरचा (धातूच्या कुठल्या ओतणीतलं ते सांगणारा) पंच असतो आणि तो टीसीवरच्या, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवरच्या, नंबराशी जुळला तरच माल इनवर्डला घेतात. डीकेआयएम मला तसंच समजलं. आपला सर्व्हर खासगी किल्लीनं मेलवर सही करतो, तिची सार्वजनिक जोडकिल्ली डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदवहीत) असते, आणि घेणारा दोन्ही ताडून पाहतो. आमची किल्ली २०४८ बिटची, म्हणजे जवळपास चारशे अक्षरांची. ती जिथे भरतात त्या टीएक्सटी रेकॉर्डमधल्या (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदीतल्या) एका तुकड्यात २५५ च मावतात, पुढची दुसऱ्या अवतरणचिन्हांत घालावी लागतात. डोमेनच्या पॅनेलनं मागचा भाग काही न सांगता कापून टाकला होता. सही बरोबर, किल्ली अर्धी!

दोन तुकडे करून भरलं, तरी पास होईना. या वेळी कारण लिहून आलं: बॉडी हॅश (मेलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळत नाही. हे शोधायला आठवडा गेला. सही झाल्यानंतर बाहेर जाणाऱ्या गेटवेवर (मेल ज्यातून बाहेर पडते त्या सर्व्हरवर) प्रत्येक मेलखाली गोपनीयतेच्या चार ओळी चिकटत होत्या. टीसी झाल्यावर जॉबवर पुन्हा एक कट मारावा, तसं. त्या ओळी आता सहीच्या आधी घालतो.

बिलिंग सॉफ्टवेअरची मेल त्यांच्याच डोमेनच्या सहीनं जायची, ती डीमार्कला चालत नाही; सही पाठवणाऱ्याच्या पत्त्यातल्या, म्हणजे आमच्या, डोमेनची लागते. त्यांनी दिलेले सीनेम रेकॉर्ड (आपल्या डोमेनमधलं नाव त्यांच्या नोंदीकडे वळवणारे) टाकले, काम झालं.

डीमार्क दोन महिने 'नन'वर (काही अडवायचं नाही) ठेवून रोजचे रिपोर्ट वाचले, मग 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये) केलं. पुतणी अजूनही सकाळी आल्या आल्या आधी रिपोर्ट उघडते. ऑफिसातला स्कॅनर तेवढा सहीशिवाय मेल पाठवतो. तो मार्गी लागला की 'रिजेक्ट' (नापास मेल घ्यायचीच नाही) लावायचं ठरलंय.