पांढरीवरची टाकी

आमच्याकडं गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. तेरणाकाठच्या आमच्या गावालगत जुन्या पांढरीचं दोन पुरुष उंचीचं टेकाड आहे. नळयोजनेची टाकी तिथंच बांधायची ठरली, कारण जागा उंच आणि ग्रामपंचायतीची. मी तेव्हा सदस्य होतो. ठरावावर माझीही सही आहे.

जेसीबीनं पाया घेताना चार फुटांवर वीट लागली. आपल्या विटेपेक्षा कितीतरी लांब-रुंद, पण जाडीला कमी. ओली असतानाच कुणीतरी तिच्यावर तीन बोटं ओढलेली. मी त्या रेघांत माझी बोटं ठेवून पाहिली, बरोबर बसली. मशीन तिथंच थांबवायला लावलं.

खरी अडचण पुढंच होती. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर भोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढं 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. आमचं टेकाड कुठल्याच यादीत नव्हतं. एका कार्यालयात "खापरं कुठं सापडत नाहीत?" एवढं ऐकून परत आलो. ठेकेदार रोज फोन करायचा. सगळ्यात जड गेलं ते शेजारच्या काकूंचं बोलणं: "मेलेल्यांच्या विटा जपायलास बाबा, जित्यांना घागरभर पाणी कोण देणार?" त्यांच्या डोक्यावर तेव्हा हंडा होता. मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून आधी टाकीसाठी गायरानातली दुसरी जागा शोधली, मगच अर्ज केला. कुणावर अशी वेळ आली तर हाच क्रम ठेवा. फोटो, जागेचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव जोडून तहसीलदारांना अर्ज दिला, प्रती जिल्हाधिकारी आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घेतला. तोंडी सांगण्याला काही किंमत नसते. दरम्यान गुप्तधनाची आवई उठली. सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, हा कायदा 1878 पासून आहे, हे पोरांना समजावलं आणि पंधरा रात्री टेकाडावर पहारा दिला.

उत्खननाला दिल्लीची मान्यता लागते, त्यात पावसाळा गेला. फेब्रुवारीत पथक आलं. सुतळ्या बांधून चौकोन आखले, आणि जेसीबीनं तासाभरात उपसला असता तेवढा खड्डा खुरपी-ब्रशनं तीन आठवडे चालला. माती चाळायची, थरागणिक वेगळी पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. चिठ्ठ्या मी लिहायचो. गावातल्या बायका मजुरीला होत्या, काकूही आल्या. सारवणाचा हात असलेल्या त्या बाईला कुदळीच्या आधी बोटांनी कळायचं. एकदा त्यांनी खुरपी बाजूला ठेवली, "हितं जमीन चोपलेली हाय." खरंच, घराची भुई निघाली, कडेला चूल, चुलीत राख.

तेर आमच्यापासून जवळ. ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर ते हेच, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं. पथकातल्या मॅडमनी आमची काळी-तांबडी खापरं पाहून ही वस्ती त्याच, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन काळातली सांगितली. तेरच्या वाटेवरच्या गाड्या इथं थांबत असतील का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, एवढ्या चौकोनावरून सांगता येणार नाही. मला ते उत्तर फार आवडलं.

शेवटच्या दिवशी खड्ड्याच्या तळाला काळी लागली. स्वच्छ, खापर नाही, राख नाही. माणूस येण्याआधीचं रान. काकूंनी मूठभर उचलून चुरली आणि म्हणाल्या, "ज्वारीची जमीन."

नोंदी झाल्यावर खड्डा बुजवला. टाकी गायरानात उभी राहिली, पाणी एक उन्हाळा उशिरा आलं. त्याच पावसाळ्याआधी वडिलांनी घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उकललं. ती माती चाळीस वर्षांपूर्वी याच टेकाडावरून गाडीनं आणलेली. आता आम्ही दोघं ती चाळतोय. काळ्या-तांबड्या खापरांची अर्धी बादली भरली आहे.