जीपचा सर्चलाइट पिवळा जळतो? दिवा बदलण्याआधी अर्थिंग बघा

रावेर-यावलकडे केळीच्या बागांना रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला जावंच लागतं. बांधावर रानडुकरं असतात, म्हणून जुन्या जीपच्या काचेच्या फ्रेमला एक सर्चलाइट बसवलेला असतो. चार-पाच वर्षांत तो पिवळा पडतो. मालक नवा बल्ब आणतो, तोही पिवळाच जळतो. मग १०० वॅटचा आणतो, आणि दोन महिन्यांत होल्डर वितळतो.

बहुतेक वेळा बल्बचा दोष नसतोच. या दिव्याला पॉझिटिव्ह वायर एकच येते. परतीचा करंट दिव्याची बॉडी, क्लॅम्प आणि फ्रेम यांतून बॅटरीकडे जातो. या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात. क्लॅम्पखाली गंज धरला की तिथेच व्होल्ट खाल्ले जातात. हॅलोजनचा हिशोब कडक आहे: व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड साधारण ३० टक्के उतरतो.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. दिवा चालू ठेवून, व्होल्टच्या रेंजवर, एक टोक दिव्याच्या बॉडीवर आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. पाव व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर क्लॅम्प उघडायचाच. दिवा बंद असताना हे मोजण्यात अर्थ नाही. करंटच वाहत नसेल तर खराब जोडही शून्यच दाखवतो.

क्लॅम्प उघडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. क्लॅम्प सुटला की खाली तपकिरी भुगा दिसतो, आणि त्याखाली कधीकाळी हौसेनं मारलेला रंग. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आवळल्यानंतर, आधी नाही. त्याहून खात्रीचं काम म्हणजे दिव्याच्या बॉडीपासून चासीपर्यंत वेगळी अर्थ वायर टाकणं. मी तर प्रत्येक जुन्या गाडीला टाकायलाच सांगेन.

आतून मुठीनं फिरवायचा दिवा असेल तर दुसरं दुखणं मुठीपासून दिव्यापर्यंत वायर नेणाऱ्या नळीत असतं. फिरवून फिरवून वायरला पीळ बसतो आणि नळीच्या तोंडाशी इन्सुलेशन कापलं जातं. दिवा चालू ठेवून मूठ हळू फिरवा. एका ठरावीक कोनात उजेड लुकलुकला तर वायर तिथेच तुटत आली आहे. जोड मारू नका, नळीत जोड टिकत नाही. जुन्या वायरच्या शेपटीला नवी टेपनं बांधून ओढून घ्या. वायर बारीक तारांची, मऊ हवी, आणि दोन्ही तोंडांशी चार बोटं ढिली सोडा.

रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, नसेल तर याच वेळी बसवा. जुन्या स्विचमधून सगळा करंट नेला की स्विच तापतो. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८.३. चार पिनांचा रिले घ्या: बॅटरीवरून फ्यूजमार्गे ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून दिव्याला, स्विचवरून ८६ ला, ८५ अर्थला. दिव्याची वायर २.५ चौरस मिमी. फ्यूज ५५ वॅटला १० अँपिअरचा, १०० ला १५ चा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. लांब ठेवला तर मधली वायर राखणीविना राहते.

बल्ब घेण्याआधी गाडी किती व्होल्टची ते बघा. युद्धकाळातल्या विलीज जीप ६ व्होल्टच्या होत्या. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका; बोटाचं तेल तापून तिथेच काच फुगते. सीलबीम, म्हणजे काच, वाटी आणि फिलामेंट एकत्र बंद केलेला दिवा, असेल तर आत बदलण्यासारखं काही नसतं, अख्खा बदलायचा. हॅलोजनच्या वाटीत (रिफ्लेक्टरमध्ये) एलईडी बल्ब कोंबण्याची सध्या फॅशन आहे. फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून एलईडीचा उजेड निघत नाही, झोत फुटतो आणि लांबचं काहीच दिसत नाही. एलईडी हवाच असेल तर पूर्ण दिवा बदला.

वाटीवरची चांदी फडक्यानं पुसू नका, ती फडक्यालाच येते. खान्देशच्या मे महिन्यात काचेचं रबर कडक होऊन भेगाळतं आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. रबर बदला, पण खालचं निचऱ्याचं छिद्र सिलिकॉननं बुजवू नका. तापलेल्या दिव्यावर पाण्याची नळी धरली तर काच तडकते. तडकली नाही तरी थंड होताना दिवा ते पाणी आत ओढतो.

हा दिवा शेतापुरताच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे सर्चलाइट लावू देत नाही.

सगळं जोडल्यावर मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. फिरवतानाच फ्यूज उडाला तर नवी वायर नळीच्या काठाला घासतेय. मोठा फ्यूज टाकू नका, वायर पुन्हा बाहेर काढा आणि काठावर रबरी ग्रोमेट (वायर घासू न देणारी कडी) बसवा.