मिशा झकास, बाकी आनंद

लग्नात काही माणसं फोटोपुरतीच शोभतात. पंगतीत वाढायला बोलावलं, की आमटी पाहुण्याच्या मांडीवर. ‘एलए कॉप्स’ हा गेम त्यातलाच.

गेम २०१५ सालचा, ब्रिटनमध्ये तयार झालेला. पण काळ १९७० च्या दशकातला आणि गाव लॉस एंजेलिस. सपाट रंगांचे, घोटीव कागद कापून चिकटवल्यासारखे पोलीस, रुंद कॉलर आणि मिशा. काय त्या मिशा! घराचं छप्पर उचलून आत डोकवावं तसं सगळं वरून दिसतं. पहिली दहा मिनिटं मी कुणावर गोळी झाडलीच नाही, नुसता ऐटीत फिरत होतो.

मग पहिलं दार उघडलं.

हाताशी दोन पोलीस असतात. एकाला आपण चालवायचं, दुसऱ्याला जागा नेमून द्यायची आणि वाटेल तेव्हा याच्या अंगातून त्याच्या अंगात शिरायचं. गुंडाला न मारता, जवळ जाऊन लोळवून अटकही करता येते. कल्पना फक्कडच. पण हा दुसरा इसम सांगितल्याशिवाय इंचभर हलत नाही. पलीकडच्या खोलीत माझी चाळण होतेय आणि हा गणपतीच्या बंदोबस्ताला नेमल्यासारखा कोपऱ्यात उभा.

“मामा, तो दुसरा काय करतोय?” भाच्यानं विचारलं.

“ड्यूटी.”

शेवटी मीही निर्लज्ज झालो. जोडीदाराला दाराबाहेर उभं करायचं, आपण आत डोकावून एक बार काढायचा आणि धूम ठोकायची. प्रसादाला रांग लागावी तसे गुंड एकामागून एक बाहेर येतात आणि हा जागच्या जागी एकेकाला टिपतो. याला डावपेच म्हणायचे तर आमच्या घरातला उंदराचा पिंजराही सेनापतीच. तरी रोज रात्री एक डाव होतोच. मिशांसाठी, दुसरं काय.

काल मात्र ठरवलं, शेवटच्याला जिवंत धरायचं. भिंतीला चिकटून, श्वास रोखून त्याच्या पाठीशी पोचलो. आता हात टाकणार, एवढ्यात तो दोन पावलं सरकला आणि नेमका आमच्या साहेबांच्या नजरेच्या टप्प्यात आला.

ठो!

भाचा खो खो हसत होता. साहेब कोपऱ्यात तसेच उभे. मिशीचा केसही हलला नव्हता.